मिठाविना आठ दिवस

अकोला,
ता. २५ जानेवारी १९६१

नात्याने साडू आणि स्नेहाने भाऊ असलेले, अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्याचे धनी भगवंतराव यांस पुंजाराम मास्तराचा साष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळे सध्या चारच अंगे पाठवतो आहे, उरलेली भेटीत घ्यावीत). आपल्या घरची मंडळी, पानवेली आणि म्हैस, ज्या क्रमाने आपल्याला प्रिय असतील त्या क्रमाने, सुखरूप असतील अशी आशा आहे. संक्रांतीला तुम्ही जोडीने आलात तेव्हा तुमचा भरलेला चेहरा पाहून आमच्या आळीतल्या बायकांनी इंदूबाईच्या हातच्या जेवणाची इतकी तारीफ केली, की आमच्या मैनाबाईने सख्ख्या बहिणीशी चढाओढ म्हणून मला दोन दिवस गुळाच्या पोळ्या मोजदाद न करता वाढल्या. पुढचं सगळं रामायण त्या पोळ्यांमुळे घडलं.

तुम्ही गावी परतलात त्या सोमवारची गोष्ट. आमच्या गावात डॉ. खोडके म्हणून एक तरुण डॉक्टर आले आहेत. त्यांना लोकांना बरं करण्याची इतकी घाई आहे, की लोक आजारी पडेपर्यंतही त्यांना धीर निघत नाही. त्यांनी आधल्या शनिवारी शाळेत व्याख्यान दिलं. माणसाच्या पाठीशी दोन मूत्रपिंडं असतात, ती रात्रंदिवस रक्त गाळतात, आणि अर्धीअधिक बिघडली तरी चकार शब्द काढत नाहीत, असं ते म्हणाले (असे दोन मास्तर आपल्याला का मिळाले नाहीत, हा विचार हेडमास्तरांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला). दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि दुखायला लागेपर्यंत बघण्यासारखं काही उरत नाही. तेव्हा चाळिशी उलटलेल्या प्रत्येक मास्तराने सोमवारी सकाळची पहिली लघवी थोडीशी बाटलीत आणावी, असा हुकूम झाला.

आता वऱ्हाडात कोणी काही मागितलं आणि आपण थोडंसं दिलं, असं कधी झालं आहे काय? आमचे जानराव गुरुजी लोणच्याची बरणी काठोकाठ भरून, वर फडकं बांधून, सायकलीच्या हँडलला लटकावून घेऊन आले. डॉक्टर घाबरून म्हणाले, "अहो, एवढी कशाला?" तर गुरुजी म्हणतात, "असू द्या जी, घरचीच हाये." मी आपली एरंडेलाची धुतलेली बाटली पुढे केली.

डॉक्टरांनी आधी साखर पाहिली. साखर नव्हती, म्हणून मी टेबलाखाली देवाला हात जोडले. मग त्यांनी काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, आणि बघता बघता आतलं पाणी फाटलेल्या दुधासारखं पांढरं झालं. वर आंबट औषधाचे थेंब टाकले, तरी पांढरं ते पांढरंच. "मास्तर, रक्तातलं सत्त्व लघवीवाटे चाललं आहे. मीठ आजपासून एकदम कमी, आणि आठ दिवसांनी पुन्हा या," असं म्हणून डॉक्टरांनी माझा रक्तदाबही पाहिला. तो नीट निघाल्यावर त्यांनी यंत्रच दोनदा झटकलं.

भगवंतराव, मैनाबाईने 'एकदम कमी' याचा अर्थ 'अजिबात नाही' असा लावला. बिनमिठाचा झुणका तुम्ही खाल्ला आहे काय? ओली पाटी चाटल्यासारखा लागतो. शिवाय समाचाराला माणसांची रांग. शेजारच्या शकुनबाई दारातूनच म्हणाल्या, "काहून जी मास्तर, तुमी तं चांगले दिसून राह्यले," आणि या गोष्टीचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. जानराव गुरुजी माझा वर्ग सांभाळायला तयार झाले आणि माझी खुर्ची कुरकुरते का, ते दोनदा बसून पाहून गेले.

परवा आठवा दिवस भरला. तीच बाटली, तीच नळी, तोच दिवा. आणि आतलं पाणी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. डॉक्टर चक्रावले. मैनाबाई हे श्रेय आपल्या सोळा सोमवारांना देते (त्यातला अजून एकच झाला आहे). सध्या मी भाकरीवर मिठाचा खडा ठेवून नुसता बघत बसतो.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
पुंजाराम

ता. क. सोबतची घडीची चिठ्ठी एकट्यानेच वाचावी. मोठ्याने वाचू नये.

(चिठ्ठी)

भगवंतराव, ती पहिली बाटली तुमची होती, हे तुम्हाला सांगायला नकोच. गुळाच्या पोळ्यांमुळे माझी साखर निघेल या भीतीने मी त्या पहाटे तुमच्यापुढे हात पसरला, आणि तुम्ही "घ्या, पयलवानाची हाये," म्हणून बाटली भरून दिलीत आणि गाडी गाठलीत. नळी पांढरी झाली तेव्हा एरंडेलाच्या बाटलीचा दोष असेल, अशी मी मनाची समजूत घातली. परवा त्याच बाटलीत माझी स्वतःची नेली, ती नितळ निघाली. बाटली निर्दोष आहे. काल डॉक्टरांपाशी सगळं कबूल केलं. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुमच्या साडूंचा चेहरा सकाळी सुजतो काय? पायात जोडा घट्ट होतो? डोकं दुखतं?" मला तो भरलेला चेहरा आठवला. संक्रांतीत तीनदा मागून घेतलेल्या डोकेदुखीच्या पुड्या आठवल्या. त्या पुड्या आजपासून बंद करा, असा डॉक्टरांचा निरोप आहे. आत्ता कळलं तर पुष्कळ आवरता येईल, म्हणाले. वर्षभराने कळलं तर ते शब्द देत नाहीत. मंगळवारच्या पहिल्या गाडीने या. माझी अब्रू गेली तरी चालेल.

आणखी ता. क. इंदूबाई, 'एकट्याने वाचावी' असं लिहिलं की ती चिठ्ठी तुझ्याच हाती आधी पडते, हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणूनच तसं लिहिलं. हा माणूस "मले काय झालं?" म्हणेल आणि मळ्यात जाईल. त्याच्या मागे लागू नकोस, मैनाची तब्येत बिघडली आहे म्हणून सांग आणि त्याला गाडीत बसव. तुझी बहीण ठणठणीत आहे. मी स्टँडवर उभा राहीन.