ताकामात्सुला विमानं पाहायला

माय,

मी जपानला जाणार आहे. विमानं पाहायला. एवढं लिहून थांबलो, कारण हे ऐकून तू आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असतास. दुकानात आत्ता कोणी नाही. धान पिकायला आलं की शेतातल्या पाण्याच्या मोटारी बंद होतात, आणि त्या जळून माझ्याकडे रिवायंडिंगला, तार नव्यानं गुंडाळायला, येणंही बंद होतं. या दिवसांत आमगावातलं माझं दुकान नुसतं उघडं असतं. तू हे दुकान पाहिलं नाहीस. माझी मुलगीही पाहिली नाहीस. तू गेलीस तेव्हा ती व्हायची होती. नर्सिंग शिकून ती आता जपानात आहे, ताकामात्सु नावाच्या शहरात. म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात अशा एका घरात काम करते. तिनंच बोलावलंय. "बाबा, इथं विमानतळाच्या बाजूला बाग आहे. पोरं घसरगुंडीवर खेळतात अन विमान जवळूनच उतरते. तुमाले असंच पाहाचं होतं न? तुमी फक्त हो म्हना, बाकीचं मी पाहतो," असं ती फोनवर म्हणाली आणि मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. माय, मी आजवर विमानात बसलेलो नाही.

हे घरात कोणाला सांगावं? आपल्या घरात भिणारे आपण दोघंच होतो. बाबा साप हातानं धरून बोडीच्या तळ्यापलीकडे टाकून यायचे. माझी बायको त्यांच्याहून पुढची. मुलगी तर एकटी उठून परक्या देशात गेली, भाषा शिकली, तिथं सायकलीवर फिरते. भीती सांगायला समोर भिणारं माणूस लागतं, आणि तू गेल्यापासून मला ते मिळालेलं नाही. म्हणून तुलाच लिहितो आहे.

तो धान रोवण्याचा दिवस तुझ्या लक्षात असेलच. तू बायकांच्या रांगेत वाकलेली आहेस, मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, रोपांच्या जुड्या फेकतो आहे. पलीकडे इंग्रजांच्या वेळची धावपट्टी. तिथं क्वचित कधी एखादं विमान यायचं, पण त्या दिवशीचं फारच खालून आलं. त्याच्या पोटावरचे पट्टे दिसले. मी आ वासून वर पाहतो आहे आणि एकदम तोंडात चिखल गेला. तू धावत येऊन मला खाली पाडलं होतंस आणि वरून स्वतः पालथी पडली होतीस. तुझं सगळं वजन माझ्या पाठीवर होतं. विमान केव्हाच गेलं तरी तू उठेनास. मग बायका हसायला लागल्या. "काऊन वं, विमान काय तुह्याच बांधीत उतरनार होता?" तू तोंडावरचा चिखल पुसत म्हणालीस, "हासा. वरतून पडला असता त हातानं झेलला असता का?" संध्याकाळी मी तुला म्हणालो, तुझ्यापायी माझंही हसं झालं. तू एक थापड दिलीस आणि लगेच ताट वाढलंस. थापड लागली नाही.

त्यानंतर विमानाचा आवाज आला की तू हातातलं काम सोडून उभी राहायचीस. ते झाडांमागे खाली उतरेपर्यंत डोळ्यांवर हात धरून पाहायचीस आणि मगच वाकायचीस. तुझ्याबरोबर मीही पाहायचो. लोकांना वाटायचं, पोराला विमानांचा भारी शौक. अजूनही तसंच वाटतं. आता त्या धावपट्टीवर पोरं विमान चालवायला शिकतात, दिवसभर लहान लहान विमानं घिरट्या घालतात. रविवारी मी दुर्बीण घेऊन कुंपणाबाहेर धुऱ्यावर जाऊन बसतो. गोंदियाची कॅमेरेवाली पोरं येतात, मला त्यांच्यातलाच समजतात. एकदा एकानं विचारलं, "अंकल, आप सिर्फ उतरते हुए ही क्यों देखते हो?" मी म्हणालो, चढताना ऊन डोळ्यांवर येतं. ते खोटं होतं. चढणारं विमान मला पाहवत नाही. उतरलेलं पाहिलं की तेवढ्यापुरता जीव खाली बसतो. शौक म्हणतात तो हा एवढाच.

मुलगी गेली तो दिवस सांगतो. नागपूरच्या विमानतळावर तिला काचेच्या दारापर्यंत सोडलं. ती आत गेली, वळून हात केला आणि माणसांत दिसेनाशी झाली. आम्ही स्टेशनवर आलो. मोबाईलवर नकाशा असतो, माय, त्यात कोणतं विमान कुठं आहे ते दिसतं, पिवळ्या किड्याएवढं. मी बाकावर बसून तिचा किडा पाहत राहिलो. आमगावची गाडी लागली, सुटलीही. बायको भज्यांचा पुडा घेऊन आली आणि म्हणाली, "गाडी गेली न जी." मी म्हणालो, जाऊ दे. दिल्लीला किडा थांबला तेव्हा कुठं मी भजं तोंडात घातलं. ते गार झालं होतं. बायको शेजारी बसून राहिली. माझं भिणं तिला त्या दिवशी कळलं असावं.

आता जाण्याची सगळी तयारी मीच करतो आहे. पासपोर्ट आले, व्हिसाचे कागद गेले. तिथं थंडीच्या तोंडाला वारा कुठून वाहतो, म्हणजे विमानं कोणत्या टोकानं उतरतील, बागेत कुठल्या बाजूला बसलं तर ऊन पाठीशी येईल, हे मी शोधून ठेवलंय. मुलीला कौतुक वाटतं. ती रोज नवीन फोटो पाठवते. उपग्रहाच्या नकाशात ते गाव पाहिलं तेव्हा मी चकित झालो. विमानतळाच्या चहूबाजूंनी तलावच तलाव. लहान बोड्या, मोठे बांध, मध्ये धानाची शेतं. तलाव बांधणाऱ्या आपल्या कोहळी लोकांनीच तिथं जाऊन पाणी अडवलं असावं, असं वाटलं. नवेगावच्या तलावाच्या बांधावर तू भीतीनं पाण्याकडे पाठ करून बसायचीस. तिथं तुला कुठं बसवलं असतं, असा विचार आला आणि मला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी हसलो.

पण ते हसू पुरत नाही. नागपूर ते दिल्ली, दिल्ली ते तोक्यो, तोक्यो ते ताकामात्सु, अशी तीन विमानं आहेत. मी म्हणालो, दिल्लीपर्यंत रेल्वेनं जाऊ, एक तरी विमान कमी होईल. बायको धान पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "अजी, भेव वाटत असन त तसं सांगा. मी एकटी जातो पोरीकडं." मी म्हणालो, भेव कायले वाटन, पैसे वाचतात. ती म्हणाली, "पैसे वाचत नाही. मी पाहिलं." आणि पुन्हा पाखडू लागली.

मागच्या रविवारी मी धुऱ्यावर बसलो होतो. एक लहान विमान उतरायला आलं. चाकं टेकली, विमान उसळलं, पुन्हा टेकलं आणि एकदम आवाज वाढवून परत वर चढलं. कॅमेरेवाली पोरं म्हणाली, "नया बंदा है, घूम के आएगा." तो घिरटी घालून आला, पुन्हा खाली आला, पुन्हा चढला. दुर्बीण हातातून सुटून चिखलात पडली. तिसऱ्या वेळी विमान नीट उतरलं, हळूहळू कडेला गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला उठता येईना. त्यांनी दोन्ही काखांत हात घालून उभं केलं आणि पाणी पाजलं. शुगर कमी झाली असेल, असं ती म्हणाली. मी म्हणालो, हो. त्या दिवशी मला तुझी फार आठवण आली. तू ज्या ज्या गोष्टींना भ्यायचीस, वीज, विहीर, साप, विमान, त्यातल्या एकीनंही तू गेली नाहीस. साध्या तापात, आपल्या खाटेवर गेलीस. मग ती सगळी भीती कशापायी होती, हा प्रश्न मी इतकी वर्षं स्वतःला विचारतो. भीती मात्र जात नाही.

त्या रात्री घरी येऊन तिकिटं रद्द करायला मोबाईल उघडला होता. तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिनं आमच्यासाठी जाड गाद्या आणल्या होत्या, त्या दाखवल्या. तांदळाचं पोतं दाखवलं. रद्द करायचं राहून गेलं.

खरी गोष्ट काल झाली. मुलीशी फोनवर परतीच्या दिवसाचं ठरत होतं. ती म्हणाली, "बाबा, तुमाले आत सोडून मी बागेत जाऊन उभी राहीन. तुमचं विमान दिसतवरी पाहीन." मी म्हणालो, "नको उभी राहू. सरळ कामावर जा." तिनं विचारलं, "काऊन?" मी म्हणालो, वारा गार असते तिथं. ती हसली. तिला काय सांगू? ही पोरगी कशालाच भीत नाही. आई-बाप बसलेलं विमान तिनं एकटीनं कुंपणाशी उभं राहून चढताना पाहिलं, आणि त्या दिवसापासून आवाज आला की तीही हातातलं काम सोडायला लागली, तर? तुझ्याकडून माझ्याकडे आलं ते मला तिला द्यायचं नाही. माझ्या मनातली सगळ्यात मोठी भीती आता ही आहे, माय. विमानाची तिच्याहून लहान.

तिनं ऐकलं नाही. त्या दिवसाची सुट्टीच टाकली आहे, असं म्हणाली. मी रागावलो, नको म्हणून पुन्हा बजावलं, फोन ठेवला. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून खरं ते लिहितो. तिनं सुट्टी टाकली हे ऐकून मला बरं वाटलं. विमान चढेल तेव्हा तुझ्यासारखं कोणीतरी खाली उभं राहून पाहत असेल.