डोळ्यांवरची काळी पट्टी

मासिकातल्या फोटोत माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी मारलीत ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. असली पट्टी पेपरात चोराच्या डोळ्यांवर असते. मी काय केलं होतं? गालावर चट्टे उठले होते, एवढंच. डॉक्टरीणबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तक्रार आहे ती आहे. आधी ती ऐका. बाकी मी मजेत आहे, चट्ट्यांचा डागही उरलेला नाही.

तुमचा घाटकोपरचा दवाखाना आठवतो. मी पदराने तोंड झाकून बसलेय. गल्लीतल्या डॉक्टरने महारोग सांगितला म्हणून सासूने माझं ताट वेगळं काढलेलं. तुम्ही पदर बाजूला करता, भिंगातून बघता आणि म्हणता, "हा महारोग नाही. आणि असता तरी ताट वेगळं कशाला? त्यावर गोळ्या आहेत, सासूवर नाहीत." कितीतरी दिवसांनी मी हसले. मग तुम्ही विलायती पुस्तक उघडलंत. त्यात हाच आजार गोऱ्या बाईच्या हातावर, गुलाबी. माझे चट्टे जांभळे-काळे. "आपल्या डॉक्टरांनी हे असं कुठे बघितलंच नाही गं, ओळखणार कसे?" तुमचं कातडीच्या रोगांचं मासिक त्यासाठीच होतं, आपल्या रंगावर रोग कसा दिसतो ते गावोगावच्या डॉक्टरांना दाखवायला. फोटो काढू का विचारलंत, मी हो म्हटलं. पट्टीचं विचारलं नाहीत.

बरी झाल्यावर मी तुमच्याकडेच पोळ्या करायला लागले. छापखान्यातले गठ्ठे ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते स्वयंपाकघरात यायचे. पोळ्या झाल्या की ओटा पुसून तिथेच अंकांना पत्ते चिकटवायचे. माझं पान बघितलं आणि मी भडकले. तुम्ही म्हणालात, "अगं, तुला कोणी ओळखू नये म्हणून." घरी नेलं, तर सासू लांबूनच, "गो, ह्यां नाक तुझांच मां?" झाकले डोळे, आणि चमकी तशीच उघडी! वा रे गुपित. सगळ्या चाळीने ओळखलं. पण शेजारच्या मास्तरांनी ते इंग्रजी पान मराठीत करून मोठ्याने सांगितलं, की हा महारोग नव्हे, आणि माझं ताट पंगतीत आलं. ते श्रेय तुमचं, नाकारत नाही.

एकदा गोरं करणाऱ्या मलमाचा माणूस मागच्या पानाची जाहिरात घेऊन आला. त्याला चहा पाजलात आणि म्हणालात, "आमची कातडी आहे तशी दाखवायला हे काढलंय, धुवायला नाही." अंक बारीकच राहिला. मला ते आवडलं होतं, बोलले नाही.

आता मासिक कागदावर निघतच नाही, मोबाइलवर असतं. तुमची ती चष्मेवाली शिष्या संपादक झालीय. परवा दिंडोशीला आमच्या घरी आली, जिने चढून, धापा टाकत. जुने अंक सगळ्या जगाला फुकट बघायला ठेवणार, म्हणून माझी परवानगी हवी. म्हणाली, "आजी, पट्टी आता चालत नाही. तिने ओळख लपत नाही."

"हे माझ्या सासूला तेव्हाच कळलं होतं," मी म्हटलं.

तर म्हणे नुसता गाल ठेवू, बाकीचा चेहरा कापू. पट्टीशिवायचा मूळ फोटो तिच्याकडे अजून आहे. मी म्हटलं, अख्खा चेहरा लाव, नाहीतर काहीच नको. ती म्हणाली, कमिटीला विचारावं लागेल. मुलगा मध्ये पडला, "आई, एकदा नेटवर गेलं ना, की परत घेता येत नाही."

"मी तरी कुठे परत येणारेय?"

चष्मेवालीला मी ऐकवलं, की चट्टे उठलेल्या पोरीला अख्खी बाई दिसू दे, गालाचा तुकडा बघून कोणाला धीर येतो? तेही खरंच आहे. पण तुम्हाला म्हणून सांगते, त्या वयातला माझा दुसरा फोटोच नाही. घरच्या फोटोत तेव्हा मला कोणी उभं करत नव्हतं. मी कशी दिसत होते ते मला एकदा बघायचंय.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीय. उत्तर तुम्ही द्यायचं नाही, तुमचं काम तुम्ही करून गेलात. कमिटीनेही कागद पाठवायचा नाही. हो असो की नाही, त्या चष्मेवालीनेच द्यायचं, माझ्यासमोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून.