सायकल येते का?

बाबा,

परवा काकांना घेऊन आपल्या जालन्यातल्याच एका दवाखान्यात गेले होते. तुमच्यानंतर इतक्या वर्षांनी आता त्यांचाही हात थरथरतो, आणि दारातून आत शिरताना पाय जमिनीला चिकटून बसतात. मेंदूच्या याच आजारावर, पार्किन्सनवर, संशोधन करण्यात मी उभा जन्म घालवला. त्यामुळे घरच्यांनी पुण्याहून मलाच बोलावून घेतलं. वाटेत दोघांच्या डोक्यात तुमची सायकल होती, असं मला वाटतं.

माझ्या लहानपणीची सकाळ आहे. तुम्ही उंबरठ्यात अडकला आहात. पाय उचलू पाहता, उचलत नाही. मी तुम्हाला धरून अंगणात आणते, सायकलवर बसवते, कॅरिअर धरून चार पावलं पळते आणि तुम्ही सुटता. जुन्या जालन्यातल्या कापडाच्या दुकानापर्यंत, हातगाड्यांच्या गर्दीतून, अगदी नीट. तिकडे दुकानातला माणूस हँडल धरून उतरवून घेतो. काका ओट्यावर दात घासत हे रोज बघतात. "दादा, बस कर आता सोंग! सायकल बराबर चालवून राह्यला, मंग चालायलाच काय होतं तुला?" त्यांनी ते गल्लीभर केलं. सोंगाला औषध कोण आणतो, म्हणून दवाखानाही राहिला. "न्हाई रे, खरंच उचलत न्हाई," असं तुम्ही आधी म्हणायचात, पुढे तेही सोडलंत. तो ठपका घेऊनच तुम्ही गेलात. मला मात्र त्याचा राग आयुष्यभर पुरला. खरं सांगायचं तर त्याच रागावर मी शिकले.

माझे बहुतेक शोधनिबंध उंदरांच्या मेंदूतल्या पेशींवरचे. एखाद्याच्या कामाचा संदर्भ पुढे किती जणांनी आपल्या निबंधात दिला, हे आमच्याकडे दर वर्षी विचारतात. त्यावरच माणसाची किंमत ठरते. त्यात एक छोटासा निबंध होता, चालता येत नाही पण सायकल चालवता येते अशा आपल्याकडच्या रुग्णांवरचा. बाहेरच्या डॉक्टरांनी हे आधीच टिपलं होतं, मी आपली माणसं तपासली एवढंच. "हे कशाला?" असं निधी देणाऱ्या समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलंही. पहिली काही वर्षं त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. मग एकाने संदर्भ दिला, त्याचं पाहून दुसऱ्याने, आणि तोच निबंध माझ्या सगळ्या उंदरांच्या पुढे निघून गेला. पुढे संदर्भ आटले. मला वाटलं, संपलं त्याचं काम.

परवाचा तो डॉक्टर तरुण होता, मला ओळखत नव्हता. काकांना खोलीत चालवून पाहिलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "काका, सायकल येते का अजून?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "येते. पण डॉक्टरसाहेब, हे सोंग न्हाई बरं का. खरंच पाय उचलत न्हाई."

"माहीत आहे हो. या आजारात असंच होतं. सायकल येते हे उलट चांगलं. गोळ्या बहुतेक लागू पडतील."

मला राहवलं नाही. "हे सायकलचं तुम्ही कुठे वाचलंत?"

"हे आता सगळेच विचारतात, मॅडम."

जे सगळ्यांना ठाऊक झालं त्याखाली कोणी कोणाचं नाव लिहीत नाही. बाबा, इतकं हलकं मला कुठल्याही आकड्याने वाटलं नव्हतं. निघताना काका दारात अडकले आणि तिथूनच, बाहेरच्या बाकांवरच्या लोकांसमोर, म्हणाले, "माझ्या दादाला बी सायकल यायची. लई बराबर चालवायचा. आम्ही त्याला सोंगाड्या म्हणायचो." आणि रडायला लागले. मला त्यांचं वाईट वाटलं, पण आधी बरं वाटलं.

हे पत्र कुठेच टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. सायकलवर एवढं लिहिणाऱ्या तुमच्या लेकीला सायकल येत नाही. बाकीच्या पोरींचे बाप कॅरिअर धरून त्यांच्यामागे पळायचे. आपल्याकडे मी पळायचे.