ताईच्या यंत्रासाठी सहा व्होल्ट

४ मार्च, बुधवार

पुन्हा उडी! नॉब सहा व्होल्टवर आणि मीटर दाखवतोय नऊ. घरची वीज हव्या तेवढ्या व्होल्टवर आणून देणाऱ्या या जुन्या सप्लायवर ताईचं यंत्र तपासायला घेतलं तर ते कायमचं जायचं.

घशाला टेकवून बोलायचं यंत्र. ऑपरेशनमध्ये स्वरपेटी काढली, तेव्हापासून हे यंत्र हाच तिचा आवाज. मागच्या आठवड्यात अचानक मुकं झालं. कंपनी म्हणते, हे मॉडेल आता बंद. म्हणजे जे काय करायचं ते मीच. त्याआधी भरवशाचा सप्लाय हवा – घरीच बांधायचा.

६ मार्च

जुन्या ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर काढला. जडशीळ. लोड देऊन ठेवला, नुसता कोमट झाला. चला, एक तरी वस्तू खरी निघाली.

८ मार्च, रविवार

भाच्याचा, म्हणजे ताईच्या मुलाचा फोन. ताई रिसीव्हरवर नखानं टकटक करते, तेवढंच त्याला ऐकू जातं. मग फोन मी घेतो आणि सांगतो – ताई मजेत आहे, काळजी करू नकोस.

आज फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. ओठ हलले. मला कळेना. कागद पुढे केला, तो तिनं सरकवून दिला. लिहायचं म्हटलं की हिचं हे असं. पाणी आणून दिलं. तेही नको.

१० मार्च

व्होल्टेज स्थिर ठेवणारी आयसी आणली. दुकानदार म्हणाला, ओरिजिनल आहे, सगळे हीच नेतात. थिनरचा बोळा फिरवला – वरचा छाप पुसला, खालून दुसराच नंबर! कपॅसिटर हाताला हलका लागला म्हणून कापला. मोठ्या डबीत करंगळीएवढा कपॅसिटर बसवलेला. हसावं की रडावं?

बायको म्हणते, सरळ तयार सप्लाय आणा. त्याच्या पोटात तरी काय असणार?

११ मार्च

टेबलाकडे फिरकलोच नाही.

१४ मार्च

कारखान्यांना माल पुरवणाऱ्या एजंटाकडे गेलो. सुटं देत नाही म्हणाला. हातापाया पडलो, तेव्हा आयसी आणि कपॅसिटर दिले. घरी येऊन मोजले. चोख.

नॉबसाठी मात्र साधा कंट्रोल घेतला नाही. आतली सरकती पट्टी क्षणभर जरी सुटली तरी व्होल्टेज थेट टोकाला जातं. जुन्या सप्लायचा रोग तोच. तारेचा, दहा फेऱ्यांचा घेतला. शिवाय जोडणी अशी केली, की पट्टी सुटलीच तर व्होल्टेज चढण्याऐवजी उतरेल.

१८ मार्च

सप्लाय तयार. बल्ब लावून दुपारभर चालवला. सहा म्हणजे सहा.

मग यंत्र जोडलं. काहीच नाही. ताई समोरच बसली होती, हात मांडीवर ठेवून. तिच्याकडे बघवेना. इतकं सगळं निवडून-पारखून आणलं, आणि आता यंत्रच मेलेलं असेल तर मी काय करू?

२१ मार्च

भिंगाखाली एक सांधा चिरलेला दिसला. केसाएवढी भेग. सोल्डरिंगचा डाख दिला. यंत्र गुरगुरलं! ताईनं ते माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. पण बोलली नाही. म्हटलं, राहू दे, दमली असेल.

२२ मार्च, रविवार

बॅटरी अजून यायची आहे, म्हणून यंत्र सप्लायलाच जोडलं आणि ताईला टेबलाशी बसवलं. वायर सैल होती, ती मी धरून उभा होतो. भाच्याचा फोन आला. तिनं यंत्र घशाला टेकवलं.

"मी बोलतेय. मला इथून घेऊन जा."

तिचं सगळं बोलून होईपर्यंत मी वायर धरून होतो.