जांभळं औषध

मावशी, बोर्डिंगातल्या तुझ्या स्वयंपाकघराचा वास मला अजून येतो. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर, मदतीत आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, आणि फडताळात मिठाच्या बरणीमागे ठेवलेली खरजेच्या जांभळ्या औषधाची बाटली. दुष्काळाचं साल होतं. शिरूर कासारकडची आमची सगळी वस्ती सहकारी कारखान्याचा ऊस तोडायला गेली, आणि दोन वेळचं पोटाला मिळेल म्हणून दादानं, माझ्या वडिलांनी, मला फादरच्या बोर्डिंगात ठेवलं. मला खरूज नव्हती. तरी आठवड्यातून दोनदा तू मला चुलीपुढं बसवून गालांना, मानेला, हातांना ते औषध फासायचीस. पोरं मला वांगं म्हणायची. मी रडायला लागलो की तू डाफरायचीस, "गप बस. खरजेच्या पोराला फादर जवळ करत न्हाई." मग सगळ्यांनाच लाव, असं मी एकदा म्हणालो. भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "समद्यांला लावलं तर त्याला कळंल, लेकरा. एकादोघांलाच लावता येतंय." तू गावातल्या सोसायटीच्या चेअरमनकडेही फादरची तक्रार घेऊन जाऊन आली होतीस आणि "दुष्काळात लेकरं जेवतात, ते बघ" म्हणून त्यांनी तुला वाटेला लावलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग दादाचा निरोप आला. कारखान्याचा ट्रक आमच्या बोर्डिंगाजवळून, मांजरसुंब्यावरून जाणार होता, तेव्हा दादा उतरून मला भेटून जाणार होता. त्या दिवशी मी पाण्याच्या टाकीमागे बसलोय. माणशी एक तांब्या पाणी मिळतं, ते मी पीत नाही, तोंडावर घेतो. राखेनं गाल घासतो, रक्त येईपर्यंत घासतो. दादानं मला असा रंगलेला बघू नये, एवढंच डोक्यात आहे. दादा आलाच नाही, ट्रक थांबला नव्हता. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर फादरनी माझी हनुवटी वर केली आणि हसून म्हणाले, "बरा झालास की तू." त्या रात्री फादरच्या बंगल्यावर जे झालं ते मी इथंही लिहिणार नाही.

सकाळी माझं तोंड बघून तुझा हात थांबला. "कामून धुतलंस? काल कुठं गेलतास?"

"कुठं न्हाई," मी म्हणालो. तू देवाचं नाव घेतलंस आणि पहिल्यापेक्षा जाड थर दिलास. बोर्डिंग सुटेपर्यंत मी पुन्हा गालाला पाणी लावलं नाही.

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी वडवणीला तुझ्या लेकीकडे आलो होतो. माझा हात धरून तू म्हणालीस, "बाकीच्यांचं पाप माझ्या माथी हाय. पर तू तेवढा वाचलास." मी मान डोलावली. मला तुझा फार राग आला होता आणि तुझ्या कुशीत शिरून रडावंसंही वाटलं होतं. तेवढ्यात लेकीनं चहा आणला.

हे पत्र कपाटातच राहील. त्या सकाळी मी खोटं बोललो ते तुला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. तसं नव्हतं, मावशी. माझ्यावर औषध वाया गेलं असं कळलं तर तू ते दुसऱ्या पोराला लावशील, याची मला भीती वाटली होती.