गळती माझ्याकडची नव्हे

मंगळवार, ३ सप्टेंबर. सकाळी दहा.

बेसिनखाली हात घातला तर बोटांना काहीतरी गार आणि गिळगिळीत लागलं. साबणाचा गाळ होता, केस होते, आणि तिसरं काय होतं ते मी पाहिलं नाही. शी. हात तीनदा धुतला. पाइपच्या जोडावरून पाणी टपकतंय, मिनिटाला बावीस थेंब. मोजले. संकटात डोकं शांत असलेलं माणूस आधी मोजतं.

खालून टाचणी आली होती. माझ्या बाथरूमच्या बरोबर खाली तिची शिवणाची खोली आहे, तिच्या छताला ओल आली म्हणते. टाचणी माझी शाळासोबतीण, पहिलीपासून एका बाकावर. काडीसारखी होती म्हणून हे नाव पडलं. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय पुढे शिवणकामात लागली, म्हणजे बाई नावाला जागली. सध्या तिच्याकडे एका शाळेची ऑर्डर आहे. चाळीस पांढरे शर्ट, सोमवारी सकाळी द्यायचे. हे नीट गेले तर त्या शाळेचं वर्षभराचं काम तिला मिळेल. गुडघे गेल्यापासून ती बाहेर जाऊन काम करू शकत नाही, त्यामुळे या शाळेवर तिची सगळी भिस्त आहे.

मी शब्द दिला की उद्या सकाळपासून एक थेंब पडणार नाही. ती म्हणाली, प्लंबरला बोलाव. मी नुसती हसले.

प्लंबर या घरात येणार नाही. मागच्या खेपेला त्याने माझ्या भरतकाम केलेल्या नॅपकिनला हात पुसले आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये गुळणी केली. त्यानंतर आठवडाभर मला त्या सिंकमध्ये पातेलं ठेववत नव्हतं.

त्याच दिवशी. सायंकाळी पाच.

दुकानातून पुट्टी आणली. दोन कांड्या एकत्र मळायच्या, मग दगडासारखी होते. वास मेलेल्या पालीसारखा. जोडावर थापली. दगडासारखी झाली खरी, पण माझ्या अंगठ्यावर. जोडावरची गळून बादलीत पडली. वरून पांढरी टेप गुंडाळली, तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर ह्यांचा जुना मोजा. मोजा फेकवत नव्हता. पाच वर्षं झाली हे जाऊन, तरी पाइपभोवती त्यांचं काहीतरी आहे म्हटल्यावर धीर आला.

आता मिनिटाला एकोणीस. सुधारणा आहे.

बुधवार, ४ सप्टेंबर. सकाळी साडेअकरा.

मोजा भिजून फुगला. त्याला हात लावावा लागला. यावर अधिक लिहीत नाही.

मुलाचा फोन. म्हणाला, आई, आधी गच्चीवर जाऊन आपला व्हॉल्व्ह बंद कर, मग काय ते कर. जसं काही मला सुचलंच नव्हतं. मी त्याला सांगितलं की निघालेच होते. पदर खोचला, ह्यांचा पाना घेतला आणि तीन जिने चढले.

गच्चीवर टाकीला चार व्हॉल्व्ह आहेत. चार मजले, मजल्यावर एक घर, घराला एक व्हॉल्व्ह. खाली टाचणी, मग मी, माझ्या वर नवा भाडेकरू, सगळ्यात वरचं घर कुलूपबंद. कशावरही नाव नाही. पण हे नेहमी सांगायचे, आपला डावीकडून दुसरा. ते वाक्य अजून कानात आहे. त्यांच्या तोंडून ऐकलेलं मी काही विसरत नाही.

टाकीच्या पुढच्या बाजूला कबुतरांनी जे करून ठेवलंय त्यावर पाऊल टाकणं मला या जन्मी शक्य नव्हतं. एक अंडंही फुटलेलं होतं. म्हणून वळसा घालून मागच्या बाजूने गेले. डावीकडून दुसरा. गंजलेला होता, पण पान्याने फिरवला. घट्ट बंद केला. माझ्या वयाच्या किती बायका हे करतील?

त्याच दिवशी. दुपारी चार.

नळाला अजून पाणी आहे. पाइपमध्ये उरलेलं असणार. ह्यांनी घर घेताना सगळे पाइप जाड घातले होते, उगाच नाही.

टपकणं चालू. मिनिटाला वीस.

गुरुवार, ५ सप्टेंबर. सकाळी नऊ.

पाइपमधलं पाणी अजून संपलं नाही. काल अंघोळ झाली, कपडे धुतले, आज पुन्हा अंघोळ झाली. हल्ली असा माल मिळत नाही.

टाचणीच्या छताचा पोपडा पडला. एका शर्टाच्या कॉलरवर तपकिरी थेंब. ती कॉलर घेऊन वर आली आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली. शाळेत आमच्या शर्टांना इस्त्रीचा आणि खळीचा काय सुरेख वास असायचा. सिस्टर दारात उभ्या राहून एकेकीची कॉलर तपासायच्या, आणि टाचणीची नेहमी पहिल्या नंबरची असायची, कारण तिची आई ती स्वतः शिवायची. तिला हे आठवण करून दिलं. ती म्हणाली, छत गळतंय, त्याचं बोल.

मी तिला समजावलं की माझं पाणी कालपासून बंद आहे, मी स्वतः बंद केलंय. मग जे गळतं ते माझं असणं शक्य नाही. ती कॉलर घेऊन खाली निघून गेली. तिला शाळेतही तर्क जमत नसे.

त्याच दिवशी. सकाळी अकरा.

उलगडा झाला.

वरचा भाडेकरू बादली घेऊन आला होता. नवा आहे, अजून कुणाशी ओळख नाही. अंगात चुरगळलेला शर्ट, दाढी वाढलेली, पायांत दोन वेगळ्या जोड्यांच्या चपला. म्हणाला, काकू, कालपासून माझ्या नळाला पाणीच नाही, घरमालक फोन उचलत नाही, तुमच्याकडे आहे का?

क्षणात सगळं जुळलं. त्याच्या नळाला पाणी नाही, कारण त्याचं पाणी त्याच्या पाइपमधून गळून माझ्या भिंतीत उतरतंय आणि माझ्या जोडावरून टाचणीच्या छतात. हे मी त्याला बेसिनखाली टॉर्च मारून दाखवलं. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. त्याने माझी माफी मागितली, मग खाली जाऊन टाचणीचीही. मी त्याला दोन बादल्या पाणी दिलं. साठा माझा आहे, पण शेजारधर्म आहे.

बादल्या उचलताना त्याने अर्धं पाणी माझ्या लादीवर सांडलं. कोरडं पुसलं नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर. दुपारी एक.

भाडेकरूने रजा काढून प्लंबर आणला. तोच, गुळणीवाला. त्याने मला ओळखलं आणि हसला. दातांत पानाचं काहीतरी होतं.

प्लंबर गच्चीवर जायला निघाला होता. मी सांगितलं की गच्चीवरचं सगळं मी जातीने पाहिलंय, वेळ घालवू नका, फरशी फोडा. त्यांनी फोडली. सकाळभर हातोडा. धुरळा माझ्या पडद्यांवर, वाटीत, दातांत. भाडेकरूच्या बाथरूममध्ये आता गुडघाभर खड्डा आहे आणि खालचा पाइप ठणठणीत कोरडा. प्लंबर म्हणाला, इथे गळती नाही. मी म्हटलं, नीट बघा. तो म्हणाला, बाई, कोरडं ते कोरडंच दिसणार. उद्धट माणूस. सोमवारी गच्चीवर जाऊन स्वतः बघतो म्हणाला आणि गेला. जाताना जिन्यात थुंकला.

भाडेकरू खड्ड्याच्या काठाशी बसून होता. मी त्याला धीर दिला. आज तीन बादल्या दिल्या.

टाचणीने टेबल भिंतीकडे ओढून घेतलंय, वर प्लॅस्टिक बांधलंय आणि त्या प्लॅस्टिकखाली वाकून ती काजं करते. मी डोकावले तर मान वर केली नाही. मी किती धडपडतेय ते तिला दिसत नाही का? पन्नास वर्षांच्या मैत्रीत हे पहिल्यांदा.

शनिवार, ७ सप्टेंबर. सकाळी अकरा.

गच्चीवर गेले होते. सहज, हवा खायला. प्लंबरच्या बोलण्याशी याचा काही संबंध नाही.

कुणीतरी कबुतरांची घाण धुऊन काढली आहे, त्यामुळे आज टाकीच्या पुढे उभं राहता आलं. हेही तिथूनच मोजत असत. डावीकडून दुसरा पाहिला. तो उघडा होता.

कुणीतरी त्याच्याशी खेळलं असावं.

मी तो बंद केला. मग तिसरा, जो बंद होता, तो उघडून पाहिला. नुसता, चालतो का म्हणून. अशा गोष्टी अधूनमधून फिरवाव्या लागतात, नाहीतर गंजतात.

खाली आले. माझ्या नळाचं पाणी दोन मिनिटांत गेलं. म्हणजे साठा अखेर संपला. चार दिवस पुरला, काही कमी नाही. जोडावरचं टपकणंही थांबलं. टाचणीला ही बातमी जेवणानंतर देईन. आधी जरा पडते, तीन दिवस पाठ टेकलेली नाही.

त्याच दिवशी. सायंकाळी सहा.

अजून अंगावर ओलं आहे.

दारावरच्या धक्क्यांनी जाग आली. टाचणी होती, पायऱ्या चढून आलेली, गुडघे असे असताना. बोलता येत नव्हतं, नुसती हाताने छत दाखवत होती. माझ्या बाथरूमचं छत धो धो गळत होतं. सिमेंटचं राखाडी पाणी, त्यात फरशीचा चुरा, त्यात वरच्या खड्ड्यातलं काय काय. माझ्या डोक्यावर पडलं, तोंडात गेलं. ती चव जात नाहीये.

भाडेकरू ऑफिसला गेला होता. नळ कोरडे असले की माणूस उघडून बघतो आणि तसाच उघडा सोडून जातो. सगळे नळ उघडे, खाली फोडलेली फरशी. पहिला विचार माझ्या मनात आला तो असा, की बघा, मी म्हणत होते ना, गळती वरचीच.

दुसरा विचार लिहीत नाही.

पाना घेऊन धावले. मागोमाग टाचणी, कठडा धरून, एकेक पायरी. मी सरळ तिसऱ्या व्हॉल्व्हपाशी गेले आणि बंद केला. पाणी थांबलं. मला वाटलं ती काहीतरी चांगलं बोलेल. ती गच्चीच्या दारात उभी राहून दम घेत होती.

"चारांतला बरोबर हाच कसा सापडला तुला, मॉनिटर?"

वर्गाची मॉनिटर मी होते. हे नाव ती फक्त रागावली की घेते. मी म्हटलं, अंदाजाने. ती कठडा धरून उतरली.

चाळीसातले सव्वीस शर्ट भिजले. राखाडी.

रविवार, ८ सप्टेंबर. सकाळी आठ.

चहासुद्धा न घेता खाली गेले. काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं. ह्यांच्या वाक्यापासून सुरुवात, मग कबुतरं, मग गंजलेले व्हॉल्व्ह. तिच्यासमोर उभी राहिले तर सगळं विसरले. एवढंच म्हटलं, की गळती माझीच होती. पहिल्या दिवसापासून. आणि वरच्याचं पाणी मीच बंद केलं आणि मीच सोडलं.

ती एका बाहीचा डाग घासत होती. घासत राहिली.

"वरच्याला सांगितलंस?"

नाही म्हटलं.

"मग माझ्याकडे काय करतेस? त्याची फरशी गेलीय."

वर गेले. दार उघडताच तो म्हणाला, काकू, काल माझ्यामुळे तुमचे फार हाल झाले. मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. मध्ये एकदाही कबुतरांचं नाव काढलं नाही. मग त्याने विचारलं, म्हणजे त्या बादल्या? मी म्हटलं, हो. तुला तहान लावली मीच आणि पाणीही पाजलं मीच. फरशी मी नवी घालून देईन, आणि उद्या प्लंबर आला की त्याला माझ्या घरात आधी पाठव. नॅपकिन बाहेरच ठेवते म्हटलं. त्याला ते कळलं नाही.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने दार हळू लावलं.

त्याच दिवशी. सायंकाळी सात.

दिवसभर टाचणीकडे. सव्वीस शर्ट लिंबू आणि सोड्यात भिजवले, घासले, पुन्हा भिजवले. बादलीतलं पाणी प्रत्येक वेळी गटारासारखं निघायचं. माझी नखं अजून राखाडी आहेत. सतरा वाचले, नऊ गेले. नऊ पुन्हा शिवायला कापड आहे, वेळ नाही. उद्या ती शाळेत एकतीस घेऊन जाईल आणि चार दिवसांची मुदत मागेल. देतील की नाही माहीत नाही. मीही बरोबर जाणार आहे, कारण मुख्याध्यापिकांना कारण कुणी सांगायचं हे टाचणीने ठरवलं आहे.

दुपारी तिने माझ्यापुढे बटणांचा डबा सरकवला. अजून बोलत नव्हती. पण सुई मात्र स्वतः ओवून दिली. एकामागून एक, दोऱ्यासकट, माझ्या बाजूच्या उशीत टोचून ठेवत होती. माझे डोळे तिला माहीत आहेत.

सोमवार, ९ सप्टेंबर. दुपारी बारा.

मुख्याध्यापिकांनी चार दिवस दिले. वर्षभराच्या कामाचं मात्र हे नऊ शर्ट पाहून ठरवू म्हणाल्या. टाचणी रिक्षात बसल्यावर म्हणाली की तू कारण फार लांबवलंस, कबुतरं सांगायची गरज नव्हती.

प्लंबरने माझा जोड दहा मिनिटांत बदलला. हात स्वतःच्या पँटला पुसले.

मग गच्चीवर गेले. भाडेकरूने सकाळी ऑफिसला जाण्याआधी चारही व्हॉल्व्हवर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलं आहे. डावीकडून दुसऱ्यावर लिहिलंय, "काकू, हा."

उरलेल्या तिन्हींवर, टाकीच्या पुढून आणि मागून, दोन्हीकडून दिसेल असं, "काकू, हा नाही."

अक्षर अगदी घाणेरडं आहे. पण चष्म्याशिवाय वाचता येतं.