शेड मॅच केलेलं दूध

बमरोली, सुरत
रविवार, दुपार

ती. आईंच्या पायांवर वर्षाचं डोकं. (बाळ मांडीवरच झोपलंय, त्यामुळे डोकं पूर्ण टेकत नाही. जेवढं टेकलं तेवढं पोचलं असं मानून घ्यावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? ओटा चढताना अजून कळ येते का? इथून जाताना तेलाची बाटली खिडकीतच विसरलात, ती मी जपून ठेवली आहे. भुरी म्हैस नीट दूध देते ना? अमोलभाऊंची कपाशी कशी आहे? तुम्हाला फोनवर विचारलं की तुम्ही "हां, बरं शे" म्हणता आणि फोन अमोलभाऊंच्या हातात देता. मग अमोलभाऊही "हां, बरं आहे" म्हणतात. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. पूजा वाचून दाखवेल. (पूजा, सावकाश वाच, आणि मधेमधे हसू नकोस. धाकट्या जावेला हसू आलं की थोरलीनेच काहीतरी शिकवलं असणार असं आईंना वाटतं.)

इकडचं सगळं उत्तम चाललं आहे, हे आधीच सांगते. काही म्हणजे काही अडचण नाही. तुम्ही तिकडे निवांत राहा, घाईने यायचं अजिबात मनात आणू नका. फक्त तुम्ही ज्या कारणावरून रागावून गेलात, त्याचं पुढे काय झालं हे तुम्हाला कळावं एवढ्यासाठी हा खटाटोप.

तुम्ही होतात तेव्हाची परिस्थिती तुम्हाला आठवत असेलच. बाळंतपणाची सुट्टी संपली की मला साडीच्या कारखान्यात चेकिंगला परत हजर व्हायचंय, शेठने जागा राखून ठेवली आहे, आणि तोवर अंगावरचं दूध वाढवून, काढून, साठवून ठेवायचं, म्हणजे माझ्यामागे बाळाला पावडरचं दूध लागायला नको, एवढी साधी माझी इच्छा. पण या घरात कुठलीच इच्छा साधी राहत नाही. दूध कमी येतंय असं मी एकदा, फक्त एकदा, जिन्यात उभी राहून बोलले. ते तुम्ही वरून ऐकलं आणि आपल्या घरमालकीण हंसाबेननी खालून ऐकलं. त्या दिवसापासून माझं तोंड रिकामं राहिलं नाही. सकाळी तुमचे डिंकाचे लाडू, त्यावर अळिवाची खीर, त्यावर शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी. तुम्ही देवळात गेलात की खालून हंसाबेन कटलुं घेऊन हजर. (कटलुं म्हणजे त्यांच्याकडचा बाळंतिणीचा खुराक, गूळ, तूप, सुंठ आणि ज्यांची नावं त्यांनाही ठाऊक नाहीत अशा बऱ्याच औषधी.) "खाई ले बेटा, धावण उतरशे," म्हणजे अंगावर दूध येईल, असं म्हणत त्या समोर बसून राहायच्या. तुमचं खाल्लं नाही तर तुम्हाला वाईट, त्यांचं खाल्लं नाही तर त्यांना वाईट. मी दोघींचं खाल्लं. दूध होतं तेवढंच राहिलं आणि मी मात्र दाराच्या मापाची झाले. लाडवांचा डबा इतक्या लवकर कसा संपतो याचं तुम्हाला नवल वाटायचं ना? तुमच्या चिरंजीवांची पँट कमरेला का बसत नाही ते एकदा पाहा, म्हणजे उलगडा होईल.

मग आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंनी मला समोर बसवून सांगितलं की लाडू खा, नाहीतर नका खाऊ, पण बाळाला मागेल तेव्हा पाजा, तो झोपला की तुम्हीही झोपा, पाणी भरपूर प्या, आणि पाजून झालं की उरलेलं काढून ठेवा. जेवढं काढाल तेवढं वाढेल. पाण्याचं ऐकून तुम्ही कपाळाला हात लावलात, कारण आपल्याकडे बाळंतिणीला पाणी मोजून देतात. तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण मी ते दूध काढायचं यंत्र आणलं आणि तुमचा तोल गेला. "म्हैसले लावतस तसं यंत्र मना सुनले? मी आठे ऱ्हास नही," असं म्हणून तुम्ही पिशवी भरायला घेतलीत. त्यातही पहिल्या खेपेला जे दूध निघालं त्याचा थेंब तुम्ही नखावर घेतलात, तो घरंगळून खाली पडला, आणि तुम्ही म्हणालात, "हाई दूध शे का पानी?" आई, खरं सांगते, यंत्रावरून बोललात त्याचं मला काही वाटलं नाही. त्या पाणी म्हणण्याने मात्र फार लागलं. भुरीच्या दुधाशी बरोबरी केली तर मी कायमच हरणार, कारण भुरीला पेंड मिळते आणि तिला कोणी टोमणे मारत नाही. (पूजा, हे शेवटचं वाक्य खालच्या आवाजात वाच.)

तर तुम्ही गेलात, आणि इकडे दूध वाढायला लागलं. तुम्ही गेल्यामुळे वाढलं असं मी म्हणत नाही, कोणी म्हणालं तर मी भांडेन. पण वाढलं एवढं खरं. सिस्टरबाईंनी सांगितलं तसं मी करत गेले, पाजत गेले, काढत गेले, आणि पाकिटांवर तारीख घालून आपल्या फ्रीझरमध्ये ठेवत गेले. आपला फ्रीझर केवढा, तुम्हाला माहीत आहे, त्यात बर्फाचा ट्रे आणि एक पाकीट दोघं एका वेळी राहत नाहीत. हे हंसाबेनना कळलं (त्यांना सांगावं लागत नाही, कळतंच). त्यांनी स्वतःच्या मोठ्या फ्रीझरमधून थंडीत सोलून गोठवलेले लिलवे (तुरीचे कोवळे दाणे) काढून बहिणीकडे पाठवले आणि तो कप्पा मला दिला. सुरती बाई आपल्या उंधियूचे लिलवे दुसऱ्याच्या घरी ठेवते यावरून तुम्ही काय ते समजा. एवढंच नाही, कप्प्याच्या दाराला त्यांनी कुंकवाचं बोट लावलं आणि घरातल्या सगळ्यांना बजावलं की या खणाला खरकटा हात लावायचा नाही. मी रोज संध्याकाळी खाली जाऊन आपली पाकिटं नुसती बघून यायचे. रचलेल्या साड्या बघून शेठला वाटत असेल तसंच काहीतरी मला वाटायचं.

आता चिरंजीवांचा पराक्रम ऐका. तुम्हाला त्यांचं काम ठाऊक आहे. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये लॅबला असतात, रंगवलेल्या कापडाचा तुकडा नमुन्याशी जुळतो की नाही हे खिडकीच्या उजेडात बघायचं, नाही जुळला तर लॉट परत टाकीत. हे काम करून करून त्यांची नजर अशी झाली आहे की लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन वाट्यांतल्या वरणाची शेड वेगळी आहे असं ते मला हळूच सांगतात. मिलच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी आणि बाळ झोपलो होतो. यांनी बायकोला मदत करावी असं मनात आणलं. (पूजा, अमोलभाऊंच्या मनात असं कधी आलं तर त्यांना ताबडतोब बाजारात पाठव.) आपल्या फ्रीझरमधली पाकिटं काढली, खाली जाऊन हंसाबेनकडची काढून आणली आणि सगळी खिडकीत ओळीने लावली. पहाटेचं दूध जरा निळसर, संध्याकाळचं जरा पिवळट, आणि विरघळायला लागलं तसं काहींवर साय वेगळी तरंगलेली. हे असंच असतं, आईचं दूध दिवसभर बदलतं, आणि साय वर आली तर पाकीट हलक्या हाताने फिरवलं की झालं, हे सिस्टरबाईंनी मला सांगितलं होतं. पण यांनी मला विचारायला हवं ना. यांना दिसलं ते एवढंच की एकाच घरचा माल आणि शेड तीन. त्यांनी सगळी पाकिटं फोडून मोठ्या पातेल्यात ओतली आणि तुमच्या लाकडी डावाने ढवळून ढवळून एक रंग केला. मी उठून स्वयंपाकघरात आले तेव्हा ते पातेल्यासमोर उभे राहून चमचा उजेडात धरून बघत होते. माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "झालं मॅच. नाहीतर पार्टीने माल परत केला असता."

पार्टी म्हणजे तुमचा नातू, पाळण्यात झोपलेला.

एकदा विरघळलेलं दूध पुन्हा गोठवता येत नाही. फ्रीजमध्ये फार तर एक दिवस राहतं. म्हणजे इतक्या दिवसांची माझी सगळी कमाई त्या पातेल्यात होती आणि ती त्या एका दिवसात संपवायची होती. मी जमिनीवर बसून रडले. ते बिचारे डाव हातात धरून तसेच उभे. मग खालून हंसाबेन आल्या, त्यांनी पातेल्यात पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि यांच्या हातातला डाव काढून घेतला. तो डाव माझ्या हाती लागायच्या आधीच त्यांनी का काढून घेतला हे यांना अजून कळलेलं नाही.

तरी मी ठरवलं की वाया जाऊ द्यायचं नाही. तसंही कामावर गेल्यावर बाळाला वाटीचमच्यानेच प्यावं लागणार, त्याची आजच तालीम होईल. मी समोर असले की तो वाटीकडे बघतही नाही, म्हणून मला गच्चीवर पाठवण्यात आलं. आधी यांनी पाजून पाहिलं. त्याने ओठ घट्ट मिटले. हंसाबेननी पाजलं, त्याने त्यांच्या साडीवर फुर्र केलं. मग कोणालातरी सुचलं की आजी पाजायची तेव्हा गुटी कशी गुपचूप प्यायचा. दोरीवर तुमचं जुनं पातळ वाळत होतं, ते यांनी डोक्यावरून घेतलं, पदर खोचला, मांडी घालून बसले आणि तुमच्यासारखं "पी ले रे मना राजा, पी ले" असं म्हणायला लागले. मी जिन्यातून डोकावून बघत होते. मगाशी रडलेली मी, तोंडात पदर कोंबून हसले. आणि बाळ प्यालं. (किती प्यालं ते पूजाने विचारू नये.) उरलेलं दूध हंसाबेननी मोरीत टाकू दिलं नाही, स्वतःच्या हाताने तुळशीला घातलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काय सांगू, आई, पहिल्यापेक्षा लवकर भरलं. आधी एक पाकीट भरायला जीव मेटाकुटीला यायचा, आता बसल्या बैठकीला भरतं. कप्पा निम्म्याहून वर गेला आहे. या आठवड्यात केंद्रात वजन केलं, काटा चांगला पुढे सरकला, सिस्टरबाईंनी बाळाचा गाल ओढला आणि मला म्हणाल्या, असंच चालू द्या. तुम्ही ज्याला पाणी म्हणालात ना, त्यावरच हे गाल आलेत. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. (थोडा टोमणा म्हणून लिहिते आहे.) मला आता खरंच वाटायला लागलंय की मी कामावरही जाईन आणि बाळ माझ्याच दुधावर वाढेल.

तर असं सगळं उत्तम आहे. काळजीचं कारण नाही. तुम्ही तब्येतीला जपा, भुरीला जपा, अमोलभाऊंना आणि पूजाला आशीर्वाद द्या, आणि माझ्यावरचा राग उरला असेल तर तोही भुरीच्या पेंडीत मिसळून द्या.

तुमची,
वर्षा

ता. क. – ते यंत्र मी तुम्ही असताना तुमच्यासमोर वापरणार नाही. दार लावून घेईन. म्हणजे तुम्ही कधी आलात तर. या असं मी म्हणत नाही.

ता. क. दुसरा – खरं म्हणजे मी या असंच म्हणते आहे. वर सगळं उत्तम आहे लिहिलं, त्यातलं दूध तेवढं उत्तम आहे. बाळ त्या दिवशी दोन-चार चमचे प्यालं, मग त्याने मान वर करून पातळाच्या आतलं तोंड पाहिलं आणि मिशी बघून जो टाहो फोडला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्यानंतर रोज प्रयत्न चालू आहेत. कोणाच्याच हातून घेत नाही. फ्रीझर भरत आलाय आणि पाजणारं माणूस नाही. मला पुढच्या सोमवारी हजर व्हायचं आहे, आणि मला तुमची फार गरज आहे, आई. दूध मी काढून ठेवीन, पाजायला तुम्हीच पाहिजेत.

ता. क. तिसरा – हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही म्हणून यांच्याच हाती देते आहे. ते तुम्हाला सांगतील की नंदुरबारला काम होतं, जाता जाता आलो. त्यांना नंदुरबारला काहीही काम नव्हतं. मिशी का काढली असं तुम्ही विचारलं असेल आणि ते गरमीने म्हणाले असतील. तीही गरमीने काढलेली नाही. बाळाने तरीही वाटी घेतली नाही, आणि त्या दिवशी मी यांना पहिल्यांदा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसताना पाहिलं. आईला ये म्हणायला त्यांना जड जातं, म्हणून एवढं लांबलचक मी लिहिलं. परतीची दोन तिकिटं त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात आहेत. ते स्वतःहून काढणार नाहीत, तुम्हीच मागून घ्या.